बुडबुडे मोजणारा मास्तर

परवा पुण्याहून नातीचा फोन आला. "आजोबा, प्रकाशसंश्लेषणाचा वेग कशाकशावर अवलंबून असतो? प्रकल्प करायचाय." मी म्हटलं, अगं, मी इतिहासाचा बी.ए. माणूस! पण फोन ठेवला आणि चाळीस वर्षांपूर्वीचा एक वर्ग डोळ्यांसमोर आला. तीच गोष्ट आज लिहितो आहे.

आमच्या पातूरकडच्या शाळांमध्ये तेव्हा विज्ञानाचा शिक्षक मिळणं अवघड असायचं. जागा रिकामी राहिली की तास ज्याच्या गळ्यात पडेल त्याच्या पडायचा. १९८४ साली नववीचं विज्ञान माझ्या गळ्यात पडलं. रात्री मी धडा वाचायचो आणि सकाळी तोच शिकवायचो. खरं सांगायचं तर मी मुलांच्या एकच पान पुढे असायचो.

पुस्तकात हायड्रिलाचा प्रयोग होता. तलावातून पाण्यातली ती वनस्पती आणली, काचेच्या भांड्यात नरसाळ्याखाली ठेवली आणि वर पाण्याने भरलेली परीक्षानळी उलटी घातली. दिव्याची सोय नव्हती, म्हणून भांडं कधी उन्हात, कधी व्हरांड्यात. मनगटी घड्याळ लावून मुलं बुडबुडे मोजायची. उन्हात भराभर यायचे, सावलीत रेंगाळायचे. पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला की पुन्हा वाढायचे, कारण वनस्पतीला कार्बन डायऑक्साइड जास्त मिळायचा. मुलं खूश, मी त्यांच्याहून खूश. फळ्यावर निष्कर्ष लिहिला : प्रकाश वाढला की अन्न तयार होण्याचा वेग वाढतो.

मागच्या बाकावरून एक मुलगा उठला. त्याच्या घरी कोरडवाहू शेती होती. म्हणाला, "सर, मंग भर दुपारी पऱ्हाटी काऊन मान टाकते? तवा तं ऊन सगळ्यायत जास्त रायते."

त्या वर्षी पावसाने मध्येच उघाड दिली होती, पोराने रोज पाहिलेलं तो सांगत होता. माझ्याकडे उत्तर नव्हतं. "खाली बस, पुस्तकात आहे तेवढं लिही," असं मी म्हणालो. तो बसला आणि वर्षभर त्याने पुन्हा प्रश्न विचारला नाही.

निवृत्तीनंतर मुलाने संगणक शिकवला, तेव्हा या प्रयोगाचा इतिहास शोधायला लागलो. शेवटी खोड इतिहासाचीच! बुडबुड्यांचा मूळ पुरुष निघाला यान इंगनहाउस नावाचा डच डॉक्टर. जानेवारी १७७९ मध्ये मराठ्यांनी वडगावला इंग्रजांना नमवलं. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात हा गृहस्थ लंडनजवळ पाण्यात बुडवलेल्या पानांवरचे बुडबुडे पाहत होता. पानं हवा शुद्ध करतात ती उजेडातच, अंधारात नाही, हे त्याने पाचशेच्या आसपास प्रयोग करून दाखवलं. पुढे १७८२ मध्ये जिनिव्हाच्या सेनेबिए यांनी कार्बन डायऑक्साइडची गरज दाखवली.

मग आलं १९०५, आपल्याकडे वंगभंगाचं वर्ष. केंब्रिजचे ब्लॅकमन यांनी मर्यादक घटकांचा नियम मांडला. प्रकाश, कार्बन डायऑक्साइड, तापमान यांतलं जे सर्वांत कमी पडतं, तेच वेग ठरवतं. बाकीचं कितीही वाढवा, उपयोग नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर गाडीचा वेग हळू चालणाऱ्या बैलावर ठरतो, दुसऱ्याला कितीही हाकललं तरी.

आणि मग एक नाव सापडलं, जे आमच्या पुस्तकात कधीच नव्हतं : आर. एच. दस्तूर. मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. १९२४ आणि १९२५ मध्ये त्यांचे दोन निबंध इंग्लंडच्या 'ॲनल्स ऑफ बॉटनी'मध्ये छापून आले. विषय काय, तर पानातलं पाणी हाही प्रकाशसंश्लेषणाचा एक घटक. पुढे हेच दस्तूर कापसाकडे वळले. पंजाबातल्या अमेरिकन कपाशीची बोंडं नीट उमलत नसत, 'तिरक' म्हणत त्या रोगाला. त्यामागे हलक्या जमिनीतली नत्राची कमतरता आणि खालच्या थरातले क्षार आहेत, हे त्यांनी शोधून काढलं.

ते वाचताना मला तो मागचा बाक आठवला. कडक उन्हात मुळं पुरवतील त्यापेक्षा जास्त पाणी पानांतून उडून जातं. मग झाड पानांवरची सूक्ष्म छिद्रं, म्हणजे पर्णरंध्रं, मिटून घेतं. पाणी वाचतं, पण त्याच दारातून आत येणारा कार्बन डायऑक्साइडही अडतो. ऊन भरपूर, पण अन्न तयार होणं मंदावलेलं. पोराचा प्रश्न शंभर टक्के बरोबर होता!

आणखी एक गोष्ट तेव्हा लक्षात आली. हायड्रिला पाण्यातच राहते. त्या भांड्यात पाण्याची टंचाई कधी पडतच नाही, मग तो घटक दिसणार कसा? ज्या देशांत हा प्रयोग घडला तिथे ढगाळ दिवस फार, उन्हाचीच वानवा. आमच्या वऱ्हाडात ऊन फुकट आणि पाणी महाग. प्रयोग खोटा नव्हता, पण आमच्या शेतातला हळू चालणारा बैल त्या भांड्यात नव्हताच. तो पोराने शेतात पाहिला होता आणि मी त्याला खाली बसवलं.

गेल्या दिवाळीत तो बसस्टँडवर भेटला. आता त्याचेही केस पिकलेत. मी म्हटलं, "बाबू, तुझा पऱ्हाटीचा प्रश्न बरोबर होता, चूक माझी होती." तो हसला. "मले तं यादबी नाही, सर." मग यंदाच्या कपाशीबद्दल बोलत बसलो. त्याला आठवत नाही, याने मला हलकं वाटायला हवं होतं, तसं वाटलं नाही.

नातीला सांगितलंय, हायड्रिला तर करच, पण सोबत दोन कुंड्या घे. एकीला रोज पाणी, दुसरी तहानलेली. दोन दिवस अंधारात ठेव, मग दिवसभर उन्हात, आणि मोठ्यांना सोबत घेऊन दोन्हींच्या पानांची आयोडीनने स्टार्च परीक्षा कर. पानाचा रंग किती निळा-काळा होतो ते बघ. आणि वर्गात कोणी वेडावाकडा प्रश्न विचारला तर तोही वहीत उतरवून ठेव.

असो. तुमच्यापैकी जे शिक्षक आहेत, त्यांचा असा एखादा खाली बसवलेला प्रश्न असेल तर जरूर कळवा.