विद्येच्या बाजारांतील खुले वर्ग

इसवी सन १८५४ च्या उन्हाळ्यांत लंडनमधील सेंट मार्टिन्स हॉल या इमारतींत एक आगळें प्रदर्शन भरलें. तीनच वर्षांपूर्वीं हाइड पार्कांतील काचमहालांत जगभरचीं यंत्रें, वस्त्रें आणि रत्नें पाहून लोकांचे डोळे दिपले होते. या खेपेस सोसायटी ऑफ आर्ट्स या संस्थेनें मांडला तो निव्वळ शाळेचा संसार. नकाशे, तक्ते, पाठ्यपुस्तकें, शास्त्रीय उपकरणें. मुलांना शिकविण्यास उपयोगी पडतें असें ज्याच्याविषयीं म्हणतां येईल, तें तें तेथें पाहावयास मिळत होतें. शिक्षणाच्या साहित्याचें स्वतंत्र प्रदर्शन भरूं शकतें आणि त्याला प्रेक्षकही लाभतात, हें त्या वर्षीं दिसून आलें. १८५७ सालीं साउथ केन्सिंग्टनचें वस्तुसंग्रहालय उघडलें, त्यांतील शिक्षणविभागाचा पाया याच मालानें घातला.

याच प्रदर्शनांत जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेल यांची बालोद्यानपद्धति अनेकांच्या प्रथम दृष्टीस पडली. फ्रोबेल दोनच वर्षांपूर्वीं वारले होते, आणि प्रशियाच्या सरकारनें तर त्यांच्या बालोद्यानांवर बंदीच घातली होती. लोंकरीचे चेंडू आणि लांकडी ठोकळे या त्यांच्या 'देणग्या' हेन्री बर्नार्ड या अमेरिकन शिक्षणाधिकाऱ्यांनीं येथें पाहिल्या, आणि मायदेशीं परतल्यावर आपल्या नियतकालिकांतून त्यांची माहिती दिली. पुढें मिल्टन ब्रॅडली या पटावरचे खेळ बनविणाऱ्या कारखानदारांनीं या ठोकळ्यांचा धंदा आरंभिला. पेट्या खपल्या. ठोकळा मुलाच्या हातीं केव्हां द्यावा आणि केव्हां स्वस्थ बसून नुसतें पाहत राहावें, हें जाणणारी शिक्षिका मात्र पेटींत घालून पाठवितां येईना. तिच्यासाठीं निराळीं अध्यापनविद्यालयें काढावीं लागलीं. वस्तु आणि वस्तूमागचें माणूस यांची ही ताटातूट या व्यापाराच्या पुढील इतिहासांत वारंवार आढळते.

दूरच्या विद्यार्थ्याला घरबसल्या शिकविण्याची खटपट याहूनही जुनी आहे. १८४० सालीं इंग्लंडांत एक पेनीचें टपाल सुरू झालें, आणि त्याच सुमारास आयझॅक पिटमन यांनीं आपली लघुलेखनपद्धति पत्रद्वारां शिकविण्यास आरंभ केला. विद्यार्थ्यानें पाठ लिहून पाठवावा आणि तो दुरुस्त होऊन परत यावा, एवढीच युक्ति. यांत कोणास चमत्कार वाटला नसेल. परंतु परत येणाऱ्या कागदावरील त्या दुरुस्तीच्या खुणांतच सारें मर्म होतें. पुढें १८५८ पासून लंडन विद्यापीठानें आपल्या पदवीपरीक्षा कॉलेजांत न बसलेल्यांसही खुल्या केल्या.

विसाव्या शतकांत भविष्यवाद्यांचें पीक आलें. शाळेंतून पुस्तकें लौकरच हद्दपार होतील आणि चलच्चित्रें त्यांची जागा घेतील, असें भाकीत एडिसन यांनीं १९१३ सालीं केलें. चलच्चित्रांचा धंदा त्यांचा स्वतःचाच होता, ही गोष्ट ध्यानांत ठेवलेली बरी. नंतर दहाबारा वर्षांनीं ओहायोचे प्राध्यापक सिडनी प्रेसी यांनीं प्रश्न विचारून उत्तर तपासणारें एक लहानसें यंत्र मानसशास्त्रज्ञांच्या सभेंत मांडलें. तें विक्रीसही निघालें, परंतु मंदीच्या दिवसांत त्यास गिऱ्हाईक लाभलें नाहीं. १९५४ सालीं स्किनर यांनीं त्याच जातीचें दुसरें यंत्र पुढें केलें. त्याचाही गाजावाजा झाला आणि ओसरला.

या साऱ्या खटाटोपांत एक प्रयोग टिकला, आणि नभोवाणीच्या श्रोत्यांस तो विशेष जवळचा वाटावा. हॅरल्ड विल्सन यांनीं १९६३ सालीं ग्लासगो येथील भाषणांत ध्वनिलहरींवरून चालणाऱ्या विद्यापीठाची कल्पना मांडली, आणि जेनी ली या मंत्रिपदावरील बाईंनीं ती नेटानें तडीस नेली. १९६९ सालीं ओपन युनिव्हर्सिटीस सनद मिळाली. १९७१ च्या जानेवारींत तिचे पहिले विद्यार्थी अभ्यासास लागले. प्रवेशासाठीं कोणत्याही परीक्षेचा दाखला लागत नसे. लोकांस दिसत ते दूरचित्रवाणीवर अवेळीं लागणारे तिचे पाठ, त्यामुळें हें विद्यापीठ पडद्यावरच चालतें असा पुष्कळांचा समज झाला. वस्तुतः त्याचा कणा निराळा होता. टपालानें येणारीं पुस्तकें, लेखी कामें तपासून त्यांवर अभिप्राय देणारे शिक्षक, आणि विद्यार्थी व शिक्षक जेथें समोरासमोर बसत तीं उन्हाळी शिबिरें, यांवर तें उभें होतें. नाशिकचें यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ सालीं निघालें, तेंही गांवोगांवच्या अभ्यासकेंद्रांच्या आधारानेंच वाढलें.

मध्यंतरीं बाजाराचें रूप पालटलें. १९८१ च्या अखेरीस ब्रिटनमध्यें बी.बी.सी. मायक्रो हा संगणक निघाला, आणि शाळांच्या खरेदीस सरकारनें निम्मा हातभार लावला. गिऱ्हाईक निर्माण झालें म्हणजे जत्रा भरावयास वेळ लागत नाहीं. १९८५ सालीं लंडनांत शाळोपयोगी संगणकांचें जें प्रदर्शन सुरू झालें, तेंच पुढें 'बेट' या नांवानें जगप्रसिद्ध झालें. अनेक वर्षें तें ऑलिंपिया सभागृहांत भरे. २०१३ पासून तें एक्सेल या अधिक विस्तीर्ण जागीं गेलें. अशा बाजाराची एक खोड मूळचीच आहे. दालनापुढें उभें राहून किंमत विचारतो तो मुख्याध्यापक किंवा खात्याचा अधिकारी. वस्तु ज्याच्यासाठीं घ्यावयाची तें मूल तेथें नसतें. विकणाराला पटवावयाचें असतें तें घेणाराला, शिकणाराला नव्हे. अमेरिकेंत २०१० पासून ॲरिझोना स्टेट विद्यापीठ आणि गुंतवणुकीचा सल्ला देणारी एक पेढी मिळून जें संमेलन भरवूं लागलीं, त्यांत तर नुसता माल नव्हे, माल काढणाऱ्या कंपन्याच भांडवलवाल्यांपुढें मांडल्या जाऊं लागल्या.

खुल्या अभ्यासक्रमांचा जन्म मात्र बाजारांतला नव्हे. २००८ सालीं कॅनडांतील मॅनिटोबा विद्यापीठांत जॉर्ज सीमेन्स आणि स्टीफन डाउन्स यांनीं एक वर्ग चालविला. फी भरलेले विद्यार्थी पंचवीसच; परंतु इंटरनेटवरून कोणासही फुकट येण्याची मुभा असल्यामुळें आणखी सुमारें २,२०० लोक सामील झाले. या प्रकाराला डेव्ह कॉर्मिए यांनीं इंग्रजी आद्याक्षरें जुळवून जें नांव दिलें, त्याचा उच्चार 'मूक' असा होतो. मराठी कानाला त्यांत भलताच अर्थ ऐकूं येतो. त्या पहिल्या वर्गाला तरी तो लागू नव्हता. तेथें जो तो लिहीत होता, दुसऱ्याचें वाचीत होता, वाद घालीत होता. पुढें जे वर्ग आले, त्यांत एक बोलणारा आणि लाख ऐकणारे असा थाट झाला, आणि मराठी अर्थच खरा ठरूं लागला.

हें स्थित्यंतर घडलें २०११ सालीं. स्टॅनफर्डचे सेबॅस्टियन थ्रन आणि त्यांचे सहकारी पीटर नॉर्विग यांनीं कृत्रिम बुद्धिमत्तेचा आपला वर्ग सर्वांना खुला केला, तेव्हां सुमारें १,६०,००० लोकांनीं नांवें नोंदविलीं. त्यांतील सुमारें २३,००० शेवटपर्यंत टिकले. २०१२ च्या जानेवारींत म्यूनिक येथील एका तंत्रविषयक परिषदेच्या व्यासपीठावर थ्रन यांनीं हा वृत्तांत सांगितला, आतां आपणांस पूर्वींच्या वर्गांत परत जाववत नाहीं असें उद्गार काढले, आणि युडॅसिटी या कंपनीची घोषणा केली. घोषणेची जागा लक्षांत घेण्याजोगी आहे: ती वर्गांत झाली नाहीं, विद्यापीठाच्या सभेंत झाली नाहीं, ती मेळाव्यांत झाली. त्याच वर्षीं अँड्र्यू एन्ग व डॅफ्नी कोलर यांची कोर्सेरा निघाली, आणि हार्वर्ड व एम.आय.टी. यांनीं प्रत्येकीं तीन कोटि डॉलर घालून एडएक्स ही संस्था उभारली. न्यूयॉर्क टाइम्सनें तें वर्षच या अभ्यासक्रमांच्या नांवें लावून टाकलें.

एम.आय.टी.च्या विद्युन्मंडलांच्या पहिल्या वर्गास १,५४,७६३ जणांनीं नांवें दिलीं. प्रमाणपत्र मिळालें ७,१५७ जणांना. पैकीच्या पैकी गुण मिळविणारे ३४० निघाले, आणि त्यांत मंगोलियाच्या राजधानींतील पंधरा वर्षांचा एक मुलगा होता. त्याची कथा जगभर गाजली, त्यास पुढें एम.आय.टी.त प्रवेशही मिळाला, आणि दूरच्या देशांतील हिरे आतां यंत्रच वेंचून काढील असें म्हणण्यास ती सोईची पडली. कथेचा दुसरा अर्धा भाग मात्र फारसा सांगितला जात नाहीं. त्या मुलाच्या शाळेचे मुख्याध्यापक स्वतः एम.आय.टी.चे पदवीधर होते. हा अभ्यासक्रम त्यांनींच मुलांपुढें ठेवला होता. आणि अमेरिकेंतून त्यांचा एक मित्र उपकरणें बरोबर घेऊन उलानबातरला आला व त्यानें तेथें प्रयोगशाळा चालविली. पडद्यावरील प्राध्यापकाच्या जोडीला शेजारीं उभा असलेला माणूस होता. मुलाची बुद्धि त्यामुळें कमी ठरत नाहीं. हिशेब मात्र बदलतो.

असा माणूस जेथें पुरेसा नव्हता तेथें काय झालें, हें २०१३ सालीं कॅलिफोर्नियांत दिसलें. सॅन होजे स्टेट विद्यापीठानें युडॅसिटीशीं करार करून गणिताचे तीन वर्ग इंटरनेटवर काढले. फी अवघी १५० डॉलर. गव्हर्नर स्वतः घोषणेस हजर. हे विद्यार्थी म्हणजे पूर्वीं गणितांत नापास झालेले, कांहीं शाळेंतच शिकणारे, कित्येक गरीब वस्तींतले. कांहींच्या घरीं संगणकच नाहीं, हें अभ्यास सुरू झाल्यावर उमगलें. पहिल्या सत्रांत बीजगणिताच्या दोन्ही वर्गांत चौघांमागें एकाच्या आसपास उत्तीर्ण झाले, संख्याशास्त्रांत निम्मे. जुलैंत प्रयोग थांबविण्यांत आला. त्याच विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागानें दोन महिने आधीं हार्वर्डचे प्राध्यापक मायकेल सँडेल यांस खुलें पत्र लिहून त्यांचीं ध्वनिचित्रित व्याख्यानें आपल्या वर्गांत वापरण्यास नकार दिला होता. नामांकित पंडिताचें व्याख्यान श्रीमंत विद्यापीठांत समोरासमोर आणि गरीब विद्यापीठांत पडद्यावर, अशी विद्यार्थ्यांची विभागणी होईल ही त्यांची भीति अनाठायीं म्हणतां येत नाहीं. जो अडखळतो त्यालाच माणसाची गरज अधिक, आणि काटकसर आरंभली जाते ती नेमकी त्याच्यापासून.

वर्षअखेर पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाचे निष्कर्ष बाहेर आले. त्याच्या कोर्सेरावरील अभ्यासक्रमांत सरासरी शेंकडा ४ जणच शेवटास पोहोंचत होते, आणि पाहणींत उत्तरें देणाऱ्यांपैकीं शेंकडा ८० हून अधिक लोक आधींच पदवी घेतलेले होते. विद्येचें अन्नछत्र उघडलें होतें भुकेल्यांसाठीं. पंगतीला बसले बव्हंशी जेवून आलेले. त्यांनीं बसूं नये असें नव्हे. शिकलेल्या माणसास पुन्हां शिकावेंसें वाटणें ही चांगलीच गोष्ट आहे, आणि कोणास नवी नोकरी, कोणास निवृत्तींतला विरंगुळा या वर्गांनीं दिलाही. परंतु जाहिरातींत चित्र होतें तें दुसऱ्याचें. थ्रन यांनीं मात्र आपला माल निकृष्ट असल्याचें त्याच वर्षीं उघड मान्य केलें. विक्रेत्याच्या तोंडीं असें बोल दुर्मिळ. पुढें त्यांची कंपनी कारखान्यांस लागणाऱ्या कौशल्यांच्या शिक्षणाकडे वळली. एडएक्स २०२१ सालीं ८० कोटि डॉलरला टू-यू या कंपनीनें विकत घेतली, आणि २०२४ च्या जुलैंत त्या कंपनीनेंच दिवाळखोरीचा अर्ज केला.

भारतांत या गोष्टीचें वळण थोडें निराळें पडलें. आय.आय.टी. आणि बंगळूरची विज्ञानसंस्था यांनीं मिळून सरकारी खर्चानें २००३ सालीं एन.पी.टी.ई.एल. हा उपक्रम हातीं घेतला, आणि आरंभीं नुसतीं व्याख्यानें उपलब्ध केलीं. मुंबईची आय.आय.टी.ही त्यांत होती. प्रमाणपत्राचे वर्ग २०१४ त सुरू झाले. २०१७ च्या ९ जुलैस राष्ट्रपति प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते 'स्वयं' या सरकारी मंचाचें उद्घाटन झालें. नोंदणी फुकट आहे. प्रमाणपत्र हवें असल्यास फी भरून केंद्रावर परीक्षेस बसावें लागतें. येथेंही नोंदणी करणारे आणि परीक्षेस बसणारे यांत अंतर मोठेंच असतें. परंतु महाविद्यालयानें आपल्याकडे या उपक्रमाची स्थानिक शाखा काढावी, आणि तेथील अध्यापकांनीं विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करावें, अशी तजवीज या योजनेंत ठेवलेली आहे. व्याख्यान मद्रासच्या किंवा खरगपूरच्या प्राध्यापकाचें असतें. आठवड्याचा गृहपाठ राहिला कीं विद्यार्थ्यास नांवानें हांक मारतो तो त्याच्याच कॉलेजांतला मास्तर.