रंगमंच-प्रतिकृती
नियोजित दृश्यबंधाची, त्यातील पायऱ्या, दारेखिडक्या व सामानसुमान यांसह ठराविक प्रमाणात तयार केलेली लहान त्रिमितीय प्रतिकृती. ती शोभेची वस्तू नसून नेपथ्यकार, दिग्दर्शक, सुतार व प्रकाशयोजनाकार यांच्यातील समजुतीचे साधन होय. आराखड्यावरून लांबीरुंदी कळते, चित्रावरून वातावरण कळते. परंतु नट कोणत्या खुर्चीमागे झाकला जाईल आणि कडेच्या प्रेक्षकास काय दिसणार नाही, हे प्रतिकृतीवरूनच आधी उमगते.

प्रतिकृती बहुधा १:२५ या प्रमाणात करतात. अमेरिकेत अर्ध्या इंचास एक फूट, म्हणजे १:२४, हे प्रमाण रूढ आहे. १:२५ या प्रमाणात १० मी. रुंदीचा मंच ४० सेंमी., २ मी. उंचीचे दार ८ सेंमी. व ४५ सेंमी. उंचीची खुर्चीची बैठक १.८ सेंमी. होते. कापताना झालेली १ मिमी. चूक मंचावर २.५ सेंमी. भरते. प्रथम नाट्यगृहातील मंचाची मापे घेऊन काळी पेटी बनवितात व तीत पांढऱ्या पुठ्ठ्याची कच्ची प्रतिकृती मांडतात. चर्चेनंतर फेरफार करून पुठ्ठा, हलके लाकूड, तार व कापड यांची रंगीत प्रतिकृती सिद्ध होते. तीत सु. ७ सेंमी. उंचीची मानवाकृती ठेवावी लागते. एरवी डोळ्यास आकाराचा अंदाज येत नाही.

लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहाचा नेपथ्यकार फिलिप जाक द लूथरबूर्ग (१७४०–१८१२) याच्या पुठ्ठ्याच्या प्रतिकृतींचे काही भाग व्हिक्टोरिया अँड ॲल्बर्ट संग्रहालयात आहेत. १७८१ मध्ये त्याने नटांविना केवळ प्रकाश व हलती दृश्ये दाखविणारे एक छोटे यांत्रिक रंगालयच लंडनमध्ये उघडले. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या ऑपेरागृहात दृश्यचित्रे रंगविण्यापूर्वी प्रतिकृती करण्याचा प्रघात पडला. १८७८ च्या जागतिक प्रदर्शनात अशा प्रतिकृती मांडण्यात आल्या होत्या.

वास्तववादी रंगभूमीने प्रतिकृतीस विशेष महत्त्व दिले. १८९८ मध्ये स्थापन झालेल्या मॉस्को आर्ट थिएटरसाठी व्हिक्टर सीमोव्ह (१८५८–१९३५) प्रतिकृती करीत असे व त्यांच्या आधारे नाट्यप्रयोगाची आखणी होई. याविरुद्ध बंडही लवकरच झाले. १९०५ मध्ये मॉस्कोतील प्रायोगिक स्टुडिओत मेयेरहोल्टबरोबर काम करणाऱ्या सापूनोव्ह व सुदेइकिन या चित्रकारांनी प्रतिकृती चिकटवीत बसण्यास नकार दिला. खोलीची प्रतिकृती करावयाची म्हटले, की खरीखुरी खोलीच उभी करावी लागते व सूचकता हरपते, असा या बंडाचा आशय होता. तो स्टुडिओ प्रेक्षकांसाठी उघडण्यापूर्वीच बंद पडला. परंतु साधनच कलावंताच्या कल्पनेला वळण लावते काय, हा त्याने उपस्थित केलेला प्रश्न टिकून राहिला.

प्रतिकृतीची दुसरी मर्यादा एडवर्ड गॉर्डन क्रेग (१८७२–१९६६) याच्या हॅम्लेट या प्रयोगात (मॉस्को, १९१२) दिसून आली. क्रेगने प्रतिकृतीत उंच, सरकत्या पडद्यांच्या रचना लावून व लहान आकृती हलवून प्रवेश आखले होते. प्रत्यक्षात धातूचे पडदे फार जड ठरले. अनेक प्रयोगांअंती हलक्या चौकटींवर न रंगविलेले कापड ताणण्यात आले. पहिल्या खेळापूर्वी थोडा वेळ हे पडदे कोसळले, असे स्तानिस्लाव्हस्कीने आत्मचरित्रात लिहिले. क्रेगला ती हकिकत मान्य नव्हती. वाद काहीही असो, आकार लहान केला तरी वजन, तोल व हलविण्याचे श्रम त्या प्रमाणात दिसत नाहीत, हे त्यातून स्पष्ट झाले.

मराठी रंगभूमीवर राजवाडा, रस्ता, बाग यांचे रंगविलेले पडदे निरनिराळ्या नाटकांत चालत असल्याने प्रत्येक नाटकासाठी स्वतंत्र प्रतिकृतीची निकड नव्हती. नाट्यमन्वंतर संस्थेच्या आंधळ्यांची शाळा (१९३३) या नाटकात भिंतींनी बंदिस्त केलेली खोली मंचावर आली आणि दारांच्या जागा, सामानाची मांडणी व नटांच्या हालचाली यांचा एकत्र विचार अपरिहार्य झाला. १९५९ मध्ये स्थापन झालेल्या दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात इब्राहिम अल्काझी यांच्या संचालकपदाच्या काळात (१९६२–७७) मंचशिल्पाच्या शिस्तबद्ध शिक्षणास मोठी चालना मिळाली.

संगणकीय चित्रण आता सर्वत्र उपलब्ध आहे. तथापि अनेक नेपथ्यकार पुठ्ठा व सुरी सोडीत नाहीत. पुठ्ठ्याची भिंत क्षणात उचलून बाजूला ठेवता येते. सुताराने उभारलेली भिंत हलविण्यास पैसा व तालमीचा वेळ खर्ची पडतो. चूक स्वस्त असतानाच ती होऊ देणे, हेच प्रतिकृतीचे खरे कार्य होय.