गरिबाचा दात : सरकारी दार आणि खाजगी दार

९ फेब्रुवारी हा संत अपोलोनिया हिचा स्मृतिदिन. इ. स. २४९ च्या सुमारास आलेक्झांड्रिया नगरात ख्रिस्ती लोकांविरुद्ध दंगल उसळली. जमावाने या वयोवृद्ध कुमारिकेला पकडले, तिच्या जबड्यावर प्रहार करून तिचे सारे दात पाडले आणि नगराबाहेर चिता पेटवून धर्मत्यागासाठी तिला धमकावले. तिने स्वतःच अग्नीत उडी घेतली. त्या नगराचे महागुरू डायोनिसियस यांनी अंत्युखियाचे महागुरू फेबियस यांना हा वृत्तान्त पत्राने कळवला आणि युसेबियस या इतिहासकाराने तो आपल्या ख्रिस्तसभेच्या इतिहासात जतन केला. पुढे दातदुखीने गांजलेले भाविक तिचा धावा करू लागले. चित्रांमध्ये तिच्या हाती चिमटा आणि त्यात धरलेला दात दिसतो.

२०२४ साली याच दिवशी सकाळच्या मिस्सानंतर मोर्शी परिसरातील एक भगिनी आमच्याकडे आली. संत्र्याच्या बागेत मजुरीला जाणारी, वय पन्नाशीच्या आतले. गालाला पदर घट्ट बांधलेला. संत अपोलोनियाचे नाव आम्ही प्रवचनात घेतले होते, म्हणून प्रार्थना मागायला ती थांबली. आम्ही मस्तकावर हात ठेवून प्रार्थना केली आणि मग विचारले, "डॉक्टरला दाखवले काय?" ती म्हणाली, "दातासाठी डॉक्टरकडे कायले जा लागते, फादर? दुखून दुखून आपोआपच पडते तो."

ते उत्तर आमच्या मनात घर करून राहिले. ताप आला, हाड मोडले, बाळंतपण आले, तर दवाखान्यात जायचे हे तिला ठाऊक होते. मग दातच तेवढा वेगळा का? हा तिच्या एकटीचा समज नव्हे. त्याच्यामागे मोठा इतिहास आहे आणि तो आपल्या घराघरांतील खर्चाशी येऊन भिडतो.

जुन्या काळी दाताचा वैद्य आठवडी बाजारात भेटे. चादर अंथरून, पुढे काढलेल्या दातांचा ढीग मांडून तो बसे. घरात लवंगेचे तेल, हिंग, कडुनिंबाची काडी आणि राखुंडी हीच औषधे. युरोपातही फार निराळे नव्हते. तिथे न्हावी आणि जत्रेतले दात उपटणारे हेच काम करीत. पॅरिसच्या पिएर फोशार यांनी १७२८ साली दंतशल्यचिकित्सेवर ग्रंथ लिहून या धंद्याला शास्त्राचे रूप दिले. १८४० साली अमेरिकेतील बाल्टिमोर येथे जगातील पहिले स्वतंत्र दंत महाविद्यालय निघाले. वैद्यकाची शाळा एकीकडे आणि दातांची शाळा दुसरीकडे, अशी विभागणी तेव्हापासून पक्की झाली. तिच्यामुळे दंतशास्त्राची भरभराट झाली. मात्र सरकारी खजिन्याच्या वहीत दात हा शरीराबाहेरचा अवयव होऊन बसला, असे आम्हांस वाटते.

आपल्या वऱ्हाडाचेच पाहा. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला आणि १९०३ साली तो मध्यप्रांताला जोडला गेला. सरकारी दवाखाने निघाले ते पटकी, देवी, हिवताप आणि सर्पदंश यांच्यासाठी. अमरावतीला इर्विन आणि डफरीन ही रुग्णालये उभी राहिली. नागपूरला १९१४ साली रॉबर्टसन मेडिकल स्कूल सुरू झाले. दातांचे शिक्षण मात्र विदर्भात कोठेच नव्हते. देशातील पहिले दंत महाविद्यालय डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी १९२० साली कलकत्त्यास काढले. मुंबईत नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय १९३३ साली आणि आज शासकीय म्हणून ओळखले जाणारे दंत महाविद्यालय १९३८ साली सुरू झाले. मोर्शीच्या शेतमजुराने कलकत्त्यास जायचे की मुंबईस, हा प्रश्न विचारण्यातही अर्थ नव्हता. त्याला बाजारातली चादर जवळ होती.

अशा वेळी एक मोठा प्रयत्न झाला आणि तो एका मराठी ख्रिस्ती माणसाच्या नावाने ओळखला जातो, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. सर जोसेफ भोर यांचा जन्म १८७८ साली नाशिकला ख्रिस्ती घराण्यात झाला. पुण्याच्या बिशप्स हायस्कूल आणि डेक्कन कॉलेजात शिकून ते सनदी सेवेत गेले आणि व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळापर्यंत पोहोचले. ऑक्टोबर १९४३ मध्ये देशाच्या आरोग्याची पाहणी करण्यासाठी त्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. १९४६ साली तिचा अहवाल आला. खिशात पैसा नाही एवढ्या कारणाने कोणीही योग्य उपचारावाचून राहू नये, हे त्याचे पहिले तत्त्व. प्राथमिक आरोग्य केंद्राची आजची कल्पनाही त्यातूनच आली.

त्या अहवालाने दातांचा हिशेबही मांडला. साऱ्या हिंदुस्थानात शिकलेले दंतवैद्य सुमारे १,००० होते, म्हणजे ३ लाख लोकांमागे १. समितीने दूरचे उद्दिष्ट ठेवले ते ९२,५०० दंतवैद्यांचे, ४,००० लोकांमागे १ या प्रमाणाचे.

पुढे काय झाले? १९४८ साली दंतवैद्यांचा कायदा झाला. नोंदवहीचे 'अ' आणि 'ब' असे दोन भाग केले गेले. शिकलेले 'अ' मध्ये आणि पदवी नसताना याच धंद्यावर पोट भरणारे 'ब' मध्ये. १९४९ साली दंत परिषद स्थापन झाली. मात्र खेडोपाडी जी प्राथमिक आरोग्य केंद्रे उभी राहिली, त्यांत डॉक्टर आले, परिचारिका आल्या, औषधे देणारा आला. दंतवैद्य आला नाही. दात पुन्हा दाराबाहेरच राहिला.

श्रीमंत देशांनाही हे सहज साधले नाही. इंग्लंडमध्ये ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली, तेव्हा दातांचे उपचार आणि कवळ्याही मोफत होत्या. लोकांची एवढी रीघ लागली की खर्चाचे अंदाज कोसळले. १९५१ साली सरकारने कवळी आणि चष्मा यांवर आकार बसवला, तेव्हा ती सेवा उभी करणारे अन्यूरिन बेव्हन यांनी मंत्रिपद सोडले. काटकसरीची वेळ आली की कात्री प्रथम दातावर चालते, हे तिथेही दिसले.

विदर्भाला शासकीय दंत महाविद्यालय मिळाले ते १९६८ साली, नागपुरात. १९८० नंतर महाराष्ट्रात विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांचे युग आले. आपल्या अमरावतीतही विदर्भ युथ वेल्फेअर सोसायटीचे दंत महाविद्यालय आहे. आज देशात ३०० हून अधिक दंत महाविद्यालये आहेत आणि त्यांतली बहुतेक खाजगी. नोंदणी झालेले दंतवैद्य अडीच लाखांच्या वर आहेत. भोर समितीचा आकडा केव्हाच मागे पडला. तरीही आमच्या त्या भगिनीला दात आपोआप पडण्याची वाट पाहावी लागली. आकडा पुरा झाला, तत्त्व अपुरे राहिले.

याचा दोष एकट्या खाजगी डॉक्टरांना देणे न्यायाचे नाही. लाखो रुपये भरून शिकलेला तरुण, दवाखान्याची खुर्ची, कॉम्प्रेसर, क्ष-किरण यंत्र आणि जागेचे भाडे या साऱ्याचे हप्ते फेडीत बसतो. तो शहरात दवाखाना थाटतो आणि फी त्या हिशेबाने घेतो. दात काढण्यास काहीशे रुपये लागतात, भरण्यास त्याहून अधिक. पण कीड नसेपर्यंत गेली आणि रूट कॅनॉल करून वर कॅप बसवायची वेळ आली, की हिशेब हजारांत जातो. सिमेंट, चांदी, कॅप यांचे प्रकार अनेक, त्यामुळे एकाच दाताचे दोन ठिकाणी दोन भाव ऐकू येतात. गरीब माणूस गोंधळतो आणि आपण फसवले जाऊ या भीतीने घरीच बसतो.

सरकारी दाराचे काय? १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार निःशुल्क झाले आहेत. केसपेपरचेही पैसे नाहीत. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत दंतशल्यचिकित्सकाचे पद असते, आणि मोर्शीला उपजिल्हा रुग्णालय आहे. येथे एक भेद ध्यानात ठेवावा. नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय वैद्यकीय शिक्षण विभागाच्या अखत्यारीत येते. ही मोफत सेवा त्याला लागू नाही. तिथे सरकारी दराने पैसे भरावे लागतात, मात्र ते खाजगी दवाखान्याच्या मानाने फार कमी असतात. खाजगी दंत महाविद्यालयांतही विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात, म्हणून तिथले दर बहुधा बाजारापेक्षा उतरते असतात. वेळ मात्र अधिक द्यावा लागतो.

पिवळे-केशरी रेशनकार्ड असले म्हणजे सारे मोफत, असाही एक समज आहे. २ जुलै २०१२ रोजी राज्यात जीवनदायी आरोग्य योजना आली, तेव्हा पहिल्या ८ जिल्ह्यांत अमरावती होता. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. तिच्या यादीत कर्करोग आहे, जबड्याच्या मोठ्या शस्त्रक्रिया आहेत. दात भरणे, रूट कॅनॉल, कवळी ही नेहमीची कामे नाहीत. जीव जाण्याची वेळ आली की योजना धावून येते. दात वाचवण्याच्या वेळी ती कामास येत नाही. खर्रा चघळणाऱ्या आपल्या वऱ्हाडात ही गोष्ट साधी नव्हे. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण खर्रा पानटपरीवर घोटला जातोच. तोंड पुरते न उघडणे, आत पांढरा वा लाल चट्टा येणे, दोन-तीन आठवड्यांत बरा न होणारा व्रण असणे, ही लक्षणे दिसली तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठावा.

आता त्या भगिनीचे पुढे काय झाले ते सांगतो. आम्ही तिला एका सरकारी रुग्णालयात नेले. पहिल्या दिवशी डॉक्टर होते, पण खुर्चीचे यंत्र बंद. दुसऱ्या खेपेस फोटो काढायला दुसरीकडे जावे लागले. तिसऱ्या खेपेस दाढ काढली गेली. डॉक्टर सौजन्याने वागले, एक पैसा लागला नाही. एसटीतही महिलांना अर्धे तिकीट. तरी तीन दिवसांची मजुरी बुडाली, आणि तीही संत्र्याच्या तोडीच्या दिवसांत. मधल्या काळात आम्ही खाजगी दवाखान्यात दाढ वाचवण्याचा खर्च विचारला होता. तो तिच्या महिन्याच्या मजुरीहून अधिक होता. तिने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "काढूनच टाका." श्रीमंताचा दात वाचवला जातो, गरिबाचा काढला जातो. सरकारी दारी पैशाऐवजी दिवस मोजावे लागतात, खाजगी दारी दिवसांऐवजी पैसा. तिच्यापाशी दोन्ही तुटपुंजे होते.

आमचाही एक अपराध येथे कबूल करणे भाग आहे. आदल्या वर्षी पुनरुत्थान सणानंतर घरे आशीर्वादित करीत आम्ही तिच्या घरी गेलो होतो. तिने चहा दिला आणि स्वतः तोंडाच्या एकाच बाजूने, थांबत थांबत प्याली. आम्ही ते पाहिले. पवित्र पाणी शिंपडले आणि पुढच्या घरी गेलो. त्या दिवशी एक प्रश्न विचारला असता, तर कदाचित ती कीड नुसते सिमेंट भरून थांबली असती.

बारा वर्षे रक्तस्रावाने पीडित असलेल्या स्त्रीबद्दल संत मार्क सांगतो, की वैद्यांच्या पायी तिची सारी मिळकत सरली होती आणि गुण मुळीच आला नव्हता. शुभवर्तमानकाराला तिच्या श्रद्धेइतकाच तिचा खर्चही नोंदवावासा वाटला. प्रभूच्या दाखल्यातला शमरोनीही जखमेवर तेल ओतून थांबला नाही. त्याने उतारशाळेच्या मालकाला दोन दिनार दिले आणि उरलेला हिशेब परतताना चुकता करण्याचे वचन दिले. पोप संत तेविसावे योहान यांनी १९६३ सालच्या आपल्या शांतिविषयक परिपत्रकात अन्न, वस्त्र, निवारा यांच्या जोडीने वैद्यकीय उपचार हा माणसाचा हक्क म्हणून सांगितला.

हक्क आहे म्हटले, की तो बजावणे आले. मुलांचे दात वर्षातून एकदा सरकारी रुग्णालयात दाखवावेत, दुखण्याची वाट पाहू नये. काळा ठिपका दिसला की निघावे. दंतवैद्य कोणत्या वारी बसतात आणि यंत्र चालू आहे का, हे आधी विचारून जावे. यंत्र बंद असेल तर लेखी तक्रार द्यावी. ते आपल्याच करातून घेतलेले आहे. खाजगीत गेलात तर काम सुरू होण्यापूर्वी एकूण खर्च किती, खेपा किती, कॅप धरून की वेगळी, हे निःसंकोच विचारावे आणि कागदावर मागावे. आपल्या धर्मग्रामातील सेंट विन्सेंट डी पॉल सोसायटीने औषधांसोबत बुडालेल्या मजुरीचाही विचार करावा, आणि तरुणांनी सोबत जावे. अशिक्षित माणसाला अर्धा धीर सोबतीनेच येतो.

आम्ही आता घरे आशीर्वादित करताना चहा घेतो, तेव्हा समोरच्याचा चहा पिणेही पाहतो. ती भगिनी अजून एकाच बाजूने चावते. गेलेली दाढ काही परत येत नाही. पण मागच्या ९ फेब्रुवारीला मिस्सानंतर ती पुन्हा थांबली होती. या वेळी तिच्यासोबत तिची शाळकरी मुलगी होती आणि तिला प्रार्थनेआधी एक गोष्ट विचारायची होती : "फादर, दाताचा डॉक्टर कोणत्या वारी बसते?"