जुन्या ॲम्प्लिफायरचें घराणें

घरीं उत्तम लाऊडस्पीकरांची जोडी आहे, पण तिला साजेसा नवा ॲम्प्लिफायर घेण्याची ऐपत नाहीं, अशा संगीतप्रेमी गृहस्थास जुन्या बाजाराची वाट धरावी लागते. तेथें त्याचा पहिला प्रश्न असतो तो 'वॉट किती?' हा. या यंत्राचा इतिहास चाळला असतां मात्र असें दिसतें कीं, हा प्रश्न दुसरा होय. हें यंत्र कोणत्या प्रकारच्या स्पीकरसाठीं जन्मास आलें, हा पहिला. ॲम्प्लिफायर व स्पीकर यांचे इतिहास निरनिराळे नाहींत. एकाच्या गरजेंतून दुसरा घडत गेला आहे.

आज घरोघरीं असलेल्या हलत्या वेटोळ्याच्या स्पीकरचा पाया १९२५ सालीं अमेरिकेंतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग यांनीं घातला. त्यास चालविणारे व्हॉल्व्हचे ॲम्प्लिफायर त्या काळीं होते. परंतु ते मूळ ध्वनींत आपल्या पदरची भर घालीत. यावरील उपाय संगीताच्या नव्हे, तर दूरध्वनीच्या क्षेत्रांत निघाला. २ ऑगस्ट १९२७ रोजीं बेल प्रयोगशाळेंतील हॅरोल्ड ब्लॅक हडसन नदी ओलांडून कामावर जात असतां त्यांस बोटींतच एक युक्ति सुचली, आणि ती त्यांनीं हातांतील 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या पानावर टिपून ठेविली. ॲम्प्लिफायरमधून बाहेर पडणाऱ्या विद्युत्संदेशाचा कांहीं अंश उलटा करून पुनः आरंभीं आणून सोडावयाचा. त्यामुळें वर्धन कमी होतें, पण विकृतिहि घटते. मिळकतीचा कांहीं भाग खर्चून अब्रू राखण्याचाच हा व्यवहार म्हणावयाचा.

या तत्त्वाचें घरगुती संगीतास लाभलेलें फळ म्हणजे विल्यम्सन यांचा ॲम्प्लिफायर. इंग्लंडांतील मार्कोनी-ओस्राम व्हॉल्व्ह कंपनींत काम करणाऱ्या डी. टी. एन्. विल्यम्सन यांनीं तो १९४७ च्या एप्रिल व मे महिन्यांच्या 'वायरलेस वर्ल्ड' मासिकांत आकृत्यांसह प्रसिद्ध केला. शक्ति १५ वॉट. विकृति शेंकडा ०.१ च्या आंत. हौशी लोकांनीं त्या आकृत्यांवरून घरच्या घरीं यंत्रें बांधलीं. पीटर वॉकर यांचा १९५३ मधील प्रसिद्ध 'क्वाड २' हाहि १५ वॉटांचाच. आज हा आंकडा दरिद्री वाटतो. परंतु त्या काळचे स्पीकर बहुधा मोठ्या पेट्यांत किंवा कर्ण्यांत बसविलेले असत, आणि थोडक्या विजेवर ते खोली भरून टाकीत.

१९५४ सालीं एडगर व्हिल्चर यांनीं 'ए. आर.' नांवाचा हवाबंद पेटीचा स्पीकर काढला. लहान पेटींतून खर्जाचे खोल स्वर निघूं लागले, पण त्यास वीज फार लागे. १९५८ मध्यें स्टीरिओ ध्वनिमुद्रिका बाजारांत आल्यावर एका खोलींत दोन पेट्या ठेवण्याची वेळ आली, आणि लहान पेटीचें महत्त्व वाढलें. एका वॉटवर एक मीटर अंतरावर एक स्पीकर ९३ डेसिबल आणि दुसरा ८३ डेसिबल आवाज देत असेल, तर अंतर दहाचें दिसतें. परंतु दुसऱ्यास पहिल्याच्या बरोबरीस आणण्यास वीज दसपट लागते. पहिल्याचें काम १० वॉटांत होत असेल, तर दुसऱ्यास १०० हवेत. ही भूक साठनंतरच्या दशकांत ट्रॅन्झिस्टरनें भागविली.

वॉट वाढले, तशी वॉटांच्या आंकड्यांत लबाडीहि शिरली. क्षणभर टिकणारी शक्ति जाहिरातींत छापावयाची, दोन्ही बाजूंची बेरीज सांगावयाची, असे प्रकार अमेरिकेंत चालले. अखेर १९७४ सालीं तेथील फेडरल ट्रेड कमिशननें नियम केला कीं, सतत टिकणारी शक्तीच, विकृतीच्या आंकड्यासह, जाहीर करावी. म्हणून त्यापूर्वीच्या अमेरिकन यंत्रावरील आंकडा जपून वाचावा.

अधिक वॉट म्हणजे अधिक चांगलें, असेंहि नाहीं. वॉकर यांचा १९५७ चा स्थितिविद्युत् स्पीकर १५ वॉटांच्या यंत्राच्या काळांतला; त्यास १०० वॉटांचा ॲम्प्लिफायर जोडून आवाज चढविला, तर आंत ठिणग्या उडून त्याचा पडदा जळण्याचें भय असतें. उलट, ४ ओहमचा स्पीकर ८ ओहमसाठीं बेतलेल्या जुन्या ट्रॅन्झिस्टर यंत्रास लावला, तर तें यंत्रच तापून निकामी होऊं शकतें.

घराणें जुळल्यावर प्रकृति पाहावी. कित्येक दशकांनंतर आंतील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकतात. ते बदलण्याचा खर्च किंमतींतच धरावा. दोष असलेल्या ट्रॅन्झिस्टर यंत्रांतून एकदिश प्रवाह निघून स्पीकरचें वेटोळें जळूं शकतें. म्हणून आधीं माहितगाराकडून तपासणी, मग जोडणी. जपानांतून आलेलें यंत्र १०० व्होल्टचें व अमेरिकेंतून आलेलें १२० व्होल्टचें असावयाचें. तें आपल्या २३० व्होल्टवर थेट लावल्यास क्षणांत जळेल. व्हॉल्व्हच्या यंत्रांत कित्येक शें व्होल्ट खेळत असतात, व बटण बंद केल्यावरहि ते कपॅसिटरांत कांहीं काळ दबा धरून राहतात. तेथें हौसेनें हात घालूं नये.

एवढी चौकशी करून घेतलेलें जुनें यंत्र आणखी कित्येक वर्षें इमानानें चाकरी करतें. ती न करतां नुसत्या वॉटांवर भुलून घेतलेलें यंत्र मात्र स्वस्त पडत नाहीं. त्याच्या दुरुस्तीबरोबर कधीं कधीं स्पीकरहि नवे घ्यावे लागतात.