वायफायचा दिवा का पेटत नव्हता?

२०११ साली नोकरी कायम झाली तेव्हा मी हप्त्यावर एक लॅपटॉप घेतला होता. त्यावर कित्येक वर्षे उर्दू आणि मराठीच्या प्रश्नपत्रिका तयार केल्या. पुढे त्यातले विंडोज सुरू व्हायला दहा-दहा मिनिटे लागू लागली आणि लॅपटॉप कपाटावर गेला. दरवर्षी रमजानआधीच्या साफसफाईत तो भंगारात देण्याचा विषय निघे. या वर्षी तो निघण्याआधीच एका माजी विद्यार्थिनीचे वडील भेटले. ते हातगाडीवर फळे विकतात. म्हणाले, "सर, मुलीला पॉलिटेक्निकला ॲडमिशन मिळालंय. जुना का होईना, एखादा लॅपटॉप कुठं मिळेल का?"

मी लॅपटॉप खाली काढला. दोन जीबी रॅमची चार जीबी केली, जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली. दोन-अडीच हजारांत काम झाले. मग पेनड्राइव्हवरून लिनक्स मिंट टाकले. स्क्रीन, आवाज, टचपॅड, कॅमेरा, सगळे न विचारता चालू झाले. फक्त वायफायचा दिवा पेटेना. टर्मिनल उघडून 'एलएसपीसीआय' ही आज्ञा दिली. यादीत वायफायची चिप दिसत होती, म्हणजे यंत्राला तिची ओळख होती. पण पुढच्या संदेशात लिहिले होते, फर्मवेअर सापडले नाही.

मी भाषेचा शिक्षक. एखादा शब्द नियमाला अपवाद ठरला की त्याचे कारण बहुधा इतिहासात सापडते, एवढे मला ठाऊक आहे. सगळे भाग चालतात आणि एकच अडतो, याचेही कारण इतिहासातच मिळाले.

आधी दोन शब्द समजून घेऊ. ड्रायव्हर म्हणजे ऑपरेटिंग सिस्टम आणि यंत्राचा भाग यांच्यामधला दुभाषा. फर्मवेअर म्हणजे त्या भागाच्या आत चालणारा छोटा प्रोग्राम. अनेक वायफाय चिपांमध्ये तो कायमचा साठवलेला नसतो. लॅपटॉप सुरू झाला की दर वेळी ड्रायव्हर तो चिपमध्ये भरतो. दुभाषा हजर असला तरी फर्मवेअरची फाइल नसेल, तर चिप मुकीच राहते.

या गोष्टीची सुरुवात एका प्रिंटरपासून होते. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीचा नवा लेझर प्रिंटर आला. रिचर्ड स्टॉलमन तिथे काम करत होते. आधीच्या प्रिंटरमध्ये कागद अडकला की ज्याचे काम अडले त्याला संदेश जाईल, अशी सोय त्यांनी स्वतः प्रोग्राममध्ये केली होती. नव्या प्रिंटरचा मूळ प्रोग्राम मात्र कंपनीने दिलाच नाही. तो ज्यांच्याकडे होता अशा दुसऱ्या विद्यापीठातल्या एका संशोधकाकडे स्टॉलमन गेले. त्याने गुप्ततेचे वचन दिले होते, म्हणून नकार दिला. यंत्र समोर आहे, दुरुस्तीची अक्कल आहे, पण माहितीला कुलूप. स्टॉलमन हा अनुभव विसरले नाहीत. २७ सप्टेंबर १९८३ रोजी त्यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला. ज्याचा मूळ प्रोग्राम कुणीही वाचावा, बदलावा आणि वाटावा अशी संपूर्ण व्यवस्था उभारायची, हा त्याचा हेतू होता. १९८९ मध्ये त्यासाठी जीपीएल हा परवाना आला.

दुसरा माणूस फिनलंडचा. हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सने जानेवारी १९९१ मध्ये ३८६ प्रोसेसरचा संगणक घेतला, तोही हप्त्यावर. २५ ऑगस्ट १९९१ रोजी त्याने जाहीर केले की आपण हौस म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टम लिहीत आहोत. सोबत कबुलीही होती की ती बहुधा एकाच प्रकारच्या हार्ड डिस्कवर चालेल, कारण त्याच्याकडे तेवढीच होती. सप्टेंबरमधल्या पहिल्या आवृत्तीत कीबोर्डसुद्धा फिनिश होता. म्हणजे आरंभीचे लिनक्स एकाच मुलाच्या टेबलावरच्या यंत्रापुरते होते.

मग ते माझ्या कपाटावरच्या लॅपटॉपपर्यंत कसे पोहोचले? ज्याच्याकडे जे यंत्र होते, त्याने त्याचा ड्रायव्हर लिहून पाठवला. कुणी साउंड कार्डाचा, कुणी नेटवर्क कार्डाचा. १९९२ मध्ये लिनक्स जीपीएल परवान्याखाली आले आणि ही देवाणघेवाण वाढली. टोरवाल्ड्सच्या संगणकाचे उरलेले हप्तेही वापरणाऱ्यांनी वर्गणी काढून फेडले. कीबोर्ड, डिस्क, यूएसबी यांचे नियम पुस्तकात छापलेले, सर्वांना मिळणारे. म्हणून ते भाग लवकर मार्गी लागले.

वायफायचे तसे झाले नाही. चिप बनवणाऱ्या अनेक कंपन्या तपशील द्यायला तयार नव्हत्या. व्यापारी गुपित आणि रेडिओ लहरींचे सरकारी नियम ही कारणे पुढे केली जात. या इतिहासातले सर्वांत गाजलेले नाव ब्रॉडकॉमचे. त्यांच्या चिपा असंख्य लॅपटॉपांत होत्या, पण लिनक्ससाठी ना खुला ड्रायव्हर, ना कागदपत्रे. नाइलाजाने लोक एनडीआयएसरॅपर नावाच्या युक्तीने विंडोजचाच ड्रायव्हर लिनक्समध्ये चालवत.

वाट एका राउटरमधून निघाली. लिंकसिसच्या डब्ल्यूआरटी५४जी या राउटरच्या आत लिनक्सच चालते, हे २००३ मध्ये लोकांच्या लक्षात आले. जीपीएलच्या अटीमुळे कंपनीला लिनक्सचा बदललेला प्रोग्राम खुला करावा लागला, पण ब्रॉडकॉमच्या वायफायचा ड्रायव्हर बंदच राहिला. स्वयंसेवकांनी मग या घराण्यातल्या राउटरचा ड्रायव्हर उलगडायला घेतला आणि त्यासाठी दोन गट केले. पहिल्याने बंद ड्रायव्हरचा यंत्रसंकेत तपासून चिपला कोणत्या क्रमाने काय सांगावे लागते, ते साध्या भाषेत लिहून काढले. दुसऱ्याने ड्रायव्हरकडे न पाहता, केवळ त्या टिपणांवरून नवा ड्रायव्हर लिहिला. वर्गात मी हेच करून घेतो. एकाने धडा वाचून आशय सांगायचा, पुस्तक न पाहिलेल्या दुसऱ्याने तो आपल्या शब्दांत लिहायचा. मग नक्कल केली असे कुणी म्हणू शकत नाही. इथे मामला कॉपीराइटचा होता, म्हणून शिस्त अधिक कडक. हा ड्रायव्हर जून २००६ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात आला. पुढे सप्टेंबर २०१० मध्ये ब्रॉडकॉमने स्वतःच आपल्या काही नव्या चिपांचा खुला ड्रायव्हर दिला.

तरीही फर्मवेअरचे कुलूप राहिलेच. ड्रायव्हर लोकांनी लिहिला, पण चिपच्या आत चालणारा प्रोग्राम कंपनीचा. तो वाटण्याची परवानगी नसेल, तर लिनक्सच्या पेनड्राइव्हवर तो आधीपासून ठेवता येत नाही. ज्याच्या हातात लॅपटॉप आहे त्यानेच तो आणून बसवायचा. परवानगी असली तरी बंद प्रोग्राम जवळ ठेवावा का, हा वाद होताच. डेबियन या जुन्या लिनक्स परिवाराने २०११ च्या आवृत्तीत आपल्या गाभ्यातून असे फर्मवेअर काढून टाकले होते. तत्त्व जपले गेले, पण नवख्या माणसाचे वायफाय बंद राहू लागले. अखेर ऑक्टोबर २०२२ मध्ये मतदान झाले आणि जून २०२३ च्या डेबियन १२ पासून वाटता येण्याजोगे फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्येच मिळू लागले. मला हा निर्णय योग्य वाटतो. पॉलिटेक्निकच्या पहिल्या वर्षाच्या मुलीला तत्त्वाआधी इंटरनेट लागते. पण कुलूप लावणारा बरोबर होता, असा त्याचा अर्थ होत नाही.

माझ्या लॅपटॉपचा उपाय शेवटी सोपा निघाला. मोबाइल यूएसबी केबलने जोडून त्याचे इंटरनेट घेतले, 'ड्रायव्हर मॅनेजर' उघडले, फर्मवेअर उतरवले आणि लॅपटॉप पुन्हा सुरू केला. दिवा पेटला. अर्ध्या तासाचे काम, पण त्यामागे अनोळखी माणसांची वर्षे होती. आपल्याकडे इल्म ही अमानत मानली जाते, दाबून ठेवण्याची चीज नव्हे. हे आपण जलशांत ऐकतो, वर्गात सांगतो. ज्यांना हा शब्दही माहीत नसेल अशा माणसांनी ते करून दाखवले.

सगळेच साधले नाही. विंडोजवरच्या एका बंद सॉफ्टवेअरमध्ये लिहिलेल्या माझ्या जुन्या उर्दू प्रश्नपत्रिका इथे उघडल्या नाहीत. दोष लिनक्सचा नाही. इतकी वर्षे मी माझे लेखन दुसऱ्याच्या कुलपात ठेवत होतो, हे मला उशिरा कळले. आता युनिकोडमध्ये लिहितो. उर्दू आणि मराठी दोन्ही कीबोर्ड एका बटणावर बदलतात.

बॅटरी वीस मिनिटेच टिकते, ते मुलीला आधीच सांगितले. ती म्हणाली, "चालेल सर, टेबलाजवळ प्लग आहे." जाताना तिने लॅपटॉप उलटा करून खालचे स्क्रू पाहिले आणि विचारले, "सर, हे उघडून बघितलं तर चालेल ना?"

मी तिला स्क्रूड्रायव्हरही देऊन टाकला.