वंशावळ : ऐकीव किती, खरी किती?

हिंगोली तालुक्यात कयाधू नदीच्या काठी नर्सी हे गाव आहे. संत नामदेवांचे जन्मगाव म्हणून लोक त्याला ‘नर्सी नामदेव’ असेच म्हणतात. परंपरेनुसार नामदेवांचा जन्म १२७० चा आणि समाधी १३५० ची. वडील दामाशेटी, आई गोणाई, पत्नी राजाई. नारा, विठा, गोंदा आणि महादा हे मुलगे. सातशे वर्षांपूर्वीच्या एका शिंप्याच्या घरातली एवढी नावे आपल्याला ठाऊक आहेत. पण यातला इतिहास कोणता आणि आख्यायिका कोणती, हे ओळखायचे कसे?

जन्माचीच कथा घेऊ. महिपतींच्या ‘भक्तविजय’ ग्रंथात निपुत्रिक दामाशेटींना भीमेच्या पात्रात शिंपल्यात बाळ सापडते. ‘हे अशक्य आहे’ एवढे म्हणून आपले काम संपत नाही. विचारायचे ते असे : सांगणारा घटनेपासून किती दूर आहे? ‘भक्तविजय’ १७६२ सालचा. म्हणजे जन्म आणि हा ग्रंथ यांत ४९२ वर्षांचे अंतर. एक पिढी २५ वर्षांची धरली तर जवळजवळ वीस पिढ्या! उलट नामदेवांच्या नावावरील अभंगांत ते स्वतःला शिंप्याच्या कुळात जन्मलेले म्हणवतात. ‘शिंपी’ आणि ‘शिंपला’ या शब्दांच्या सारखेपणातून तर ही कथा उगवली नसेल? हा तर्क आहे, पुरावा नव्हे. दोन्हींतला फरक विद्यार्थ्यांना जरूर दाखवावा.

मग अभंगांवर भरवसा ठेवायचा का? तिथेही एक अडचण आहे. सोळाव्या शतकात विष्णुदास नामा नावाचे दुसरे कवी होऊन गेले. त्यांनी महाभारत मराठी ओवीत आणले. या दोघांच्या रचना पुढे एकमेकींत मिसळल्या आणि कोणता अभंग कोणाचा, हा अभ्यासकांपुढचा प्रश्न झाला. गावाचेही तसेच. काही अभ्यासकांनी नामदेवांची नर्सी कऱ्हाडजवळची मानली, तर काहींनी त्यांचा जन्म पंढरपुरातला मानला. नाव एक म्हणजे माणूस एक किंवा गाव एक, असे होत नाही.

हा धडा फक्त संतचरित्रापुरता नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये मराठवाड्यातील निजामकालीन कुणबी नोंदी तपासण्यासाठी न्या. संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि कितीतरी कुटुंबे आपल्या पणजोबा-खापरपणजोबांची नावे शोधू लागली. हिंगोलीचा हा भाग सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्यामुळे जुने कागद कधी उर्दूत, कधी मोडीत. अशा कागदात आपल्या आडनावाचा आणि आपल्याच गावचा ‘मारुती’ सापडला, तर तो आपलाच पूर्वज का? एका गावात एका नावाचे तीन मारुती असू शकतात. त्याच्या वडिलांचे नाव, जमीन, भाऊ जुळतात का, हे पाहावे लागते. मग त्याच्यापासून आपल्यापर्यंत प्रत्येक पिढीचा दुवा दाखवावा लागतो. मधली एक कडी नसेल तर साखळी तिथेच तुटते.

गावातल्या अशा कागदांपैकी एक शिक्षकांच्याच ताब्यात असतो : शाळेचे प्रवेश-निर्गम रजिस्टर. पण कागदालाही प्रश्न विचारावेच लागतात. जुन्या रजिस्टरात अनेक मुलांची जन्मतारीख १ जून दिसते. इतकी मुले एकाच दिवशी कशी जन्मतील? खरी तारीख घरच्यांना सांगता आली नाही, तेव्हा गुरुजींनी शाळा सुरू होण्याच्या हिशेबाने ती लिहून टाकली. त्या मुलाने शाळेत नाव घातले, याला हे रजिस्टर चांगला पुरावा आहे. त्याच्या जन्मतारखेला नाही.

वर्गात हा उपक्रम सहज घेता येईल. विद्यार्थ्यांनी आजी-आजोबांकडून चार पिढ्यांची नावे आणि घरातली एक जुनी हकिकत लिहून आणावी. वहीत तीन रकाने आखावेत : कागदावर सापडले, एकाहून अधिक माणसांनी स्वतंत्रपणे सांगितले, फक्त ऐकीव. तिसऱ्या रकान्यातले काहीही खोडू नये. पूर्वज कोठून आले हे त्यातून कळेलच असे नाही, पण घराला कशाचा अभिमान वाटत होता, हे त्यातून नक्की कळते. मात्र तिसऱ्या रकान्यातले पहिल्यात लिहायचे, तर त्यासाठी कागद हवा.