बोन्सायसाठीची माती

बोन्सायसाठीची माती म्हणजे उथळ कुंडीत वाढवल्या जाणाऱ्या खुज्या वृक्षांसाठी तयार केलेले दाणेदार मिश्रण होय. मुळांना पाणी व हवा दोन्ही मिळत राहतील अशी रचना हे या मिश्रणाचे मुख्य प्रयोजन असते. मातीचा कस येथे दुय्यम ठरतो.

निचरा

पाणी दिल्यानंतर कुंडीच्या तळाशी केशाकर्षणामुळे पाण्याने भरलेला एक थर टिकून राहतो. त्याची उंची कणांच्या आकारावर अवलंबून असते, कुंडीच्या खोलीवर नव्हे. बागेतील बारीक माती २० सेंमी खोल कुंडीत वरच्या भागात हवा राखते. तीच माती ५ सेंमी खोल तबकात जवळजवळ पृष्ठभागापर्यंत ओली राहते आणि मुळे कुजतात. तळाशी खडीचा थर दिल्याने निचरा सुधारतो, हा समज रूढ असला तरी चुकीचा आहे. त्यामुळे ओला थर केवळ वर सरकतो. म्हणून सर्वसाधारणपणे ३ ते ६ मिमी आकाराचे दाणे घेऊन बारीक भुकटी चाळून काढली जाते.

घटक

जपानमध्ये आकादामा ही ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेली दाणेदार माती प्रचलित आहे. तोचिगी प्रांतातील कानुमा शहराच्या नावाने ओळखली जाणारी आम्लधर्मी माती विशेषतः अझेलियासाठी वापरतात. भारतात आयात माती महाग पडते. येथे विटांचे तुकडे, जाड वाळू आणि चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत यांचे मिश्रण करतात. वीट नीट भाजलेली असावी. रात्रभर भिजवून बोटांनी दाबल्यावर जिचा भुगा होतो, ती कुंडीतही विरघळून छिद्रे बुजवते. समुद्राची वाळू क्षारांमुळे टाळावी.

महाराष्ट्रातील काळी माती शेतीस उत्तम, परंतु या कामी अयोग्य ठरते. ओली असताना ती फुगते, वाळताना आक्रसून भेगाळते व कुंडीच्या कडेपासून सुटते. मग वरून घातलेले पाणी मुळांना न भिजवता कडेने निघून जाते.

प्रमाण

सर्व झाडांना लागू पडेल असे एकच प्रमाण नाही. कोकणातील पावसात उघड्यावर ठेवलेल्या वडाला खताचा अंश कमी आणि विटांचे तुकडे अधिक लागतात. उन्हाने तापणाऱ्या गच्चीवर पाणी धरणारे घटक वाढवावे लागतात. अडेनियमसारख्या मांसल खोडाच्या झाडांना मात्र तेथेही कोरडे मिश्रणच मानवते. दाणेदार मिश्रणात पोषकद्रव्ये फार काळ टिकत नसल्याने सौम्य खत वारंवार द्यावे लागते.